वाटेतला खुंट

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आज काहीही नाही. सपाट रस्ता आणि त्यावर वहीच्या पानाएवढं सिमेंटचं एक ठिगळ, बस्स. लोक त्यावरून जातात-येतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण हे काहीही नसणं मी भांडून मिळवलेलं आहे. त्याची थोडी फुशारकी मारायचा मला हक्क आहे, म्हणून लिहायला बसले.

आम्ही कल्याणचे कोकणी मुसलमान. घरात मराठीच बोलतो, मी तर तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली. अब्बा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. लोखंड त्यांना डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळायचं. जळलेल्या लाउडस्पीकरमधलं बांगडीसारखं चुंबक त्यांनी एका काठीच्या टोकाला तांब्याच्या तारेने घट्ट बांधलं होतं. नमाजला जाता-येता ती काठी रस्त्यावरून फिरवत जायची आणि खिळे, बारीक चुका, पत्र्याचे तुकडे गोळा करायचे, हा त्यांचा रोजचा नेम. काच आणि दगड हाताने उचलायचे. गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला बसतो, त्याच्या दुकानासमोर तर ते उकिडवे बसून झाडल्यासारखं चुंबक फिरवायचे. तो ओरडायचा, "चाचा, मेरा धंदा बिठाओगे क्या!" अब्बा म्हणायचे, "तू हवा भर ना, हवा संपतेच की!"

या सगळ्याच्या मुळाशी एक हदीस होती. हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन. ईमानच्या, म्हणजे श्रद्धेच्या, सत्तरहून जास्त शाखा आहेत, असं त्यात सांगितलं आहे. त्यातली सगळ्यात वरची म्हणजे 'ला इलाहा इल्लल्लाह' म्हणणं, अल्लाहशिवाय कुणी पूज्य नाही याची ग्वाही देणं. आणि सगळ्यात साधी, खालची शाखा म्हणजे वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला काढणं. शेवटी, हया, म्हणजे मनातला संकोच, हीसुद्धा ईमानची एक शाखा आहे. आमच्याकडे ही हदीस पोरासोरांनाही माहीत असते. मदरशात शिकवतात, जुम्याच्या, शुक्रवारच्या प्रवचनात येते. ती ऐकून सगळे माना डोलवतात आणि बाहेर पडताना दारात अस्ताव्यस्त पडलेल्या चपलांत अडखळतात, असं अब्बा चिडवायचे. ते स्वतः आधी चपलांच्या जोड्या भिंतीला लावून मग आत जायचे.

"वरच्या फांदीला कुणाचाही हात पोचतो," ते मला सांगायचे, "तोंडाने म्हटलं की झालं. खालच्या फांदीसाठी वाकावं लागतं. म्हणून तिथे गर्दी नसते."

मला मात्र त्यांच्या वाकण्याची भयंकर लाज वाटायची. नववीत असताना मी तीन मैत्रिणींबरोबर घरी येत होते. समोर अब्बा, पंक्चरच्या दुकानासमोर बसलेले, टोपी मागे सरकलेली, काठीच्या टोकाला लोखंडाची दाढी. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तो माणूस बघ काय करतोय." मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि त्यांच्याकडे न बघता पुढे निघून आले. त्यांनी मला पाहिलं होतं. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत, तेव्हा मीच भांडायला उठले. म्हटलं, हया ही पण ईमानची शाखा आहे ना, मग मला हया वाटली, त्यात काय चुकलं? अब्बा खो खो हसले. म्हणाले, "बेटा, हया अल्लाहपुढे वाटते. तुला मैत्रिणींपुढे वाटली, ती नुसती लाज." आणि जेवायला बसले. मला ते हसणं थोबाडीत मारल्यासारखं लागलं, ते अजून विसरले नाही.

पुढे अब्बांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले, पण उरलेलीही हळूहळू गेली. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळत होता. तरी मशिदीची वाट त्यांच्या पायांत होती. बेकरीचा वास आला की डावीकडे, रबर जळल्याचा वास आला की पंक्चरवाला, तिथून सरळ. चुंबकाची काठी आता आंधळ्याची काठीही झाली होती. तिला काही चिकटलं की ते बोटांनी चाचपून काढायचे आणि खिशातल्या डबीत टाकायचे. घरात मी आणि ते दोघंच. पाच वेळा ते एकटे जायचे, एकटे यायचे. या एकटं जाण्यातच त्यांचा सगळा रुबाब होता.

मागच्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी वाढदिवसाची कमान उभी राहिली. वाढदिवस झाला, कमान उतरली. एका बाजूचा लोखंडी खांब मात्र जमिनीत पक्का बसला होता, म्हणून कुणीतरी तो गॅसने कापून नेला आणि चार बोटं उंचीचा खुंट रस्त्यात तसाच ठेवला. कड पात्यासारखी. दुसऱ्या दिवशी असरच्या नमाजहून, म्हणजे दुपार कलल्यावर, परत येताना काठी नेमकी बाजूने निसटली आणि अब्बा त्यावर पडले. नडगीला सात टाके पडले. पंक्चरवाल्याने त्यांना उचलून घरी आणलं.

माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला, कोपरला राहतो. तो धावत आला, जखम बघून रडला आणि मग त्याने फर्मान काढलं. "आपा, आता बस्स. अब्बा एकटे बाहेर जायचे नाहीत. घरी नमाज पढतील. आपल्या दीनमध्ये, धर्मातच, सवलत आहे आजाऱ्याला."

अब्बा हूं की चूं करत नाहीत, हे बघून माझा जीव खाली-वर झाला. एरवी त्यांनी वाद घातला असता. त्यांनी फक्त विचारलं, "खांब होता का तिथे?" मी म्हटलं, खुंट होता, कापलेला. ते म्हणाले, "मी असताना, माझ्या वाटेत." एवढंच. काठी दाराआड उभी राहिली आणि ते खाटेवर बसून राहिले. जखम तीन आठवड्यांत भरली. पण अजान झाली की ते उठून उभे राहायचे, दोन पावलं दाराकडे जायचे आणि परत फिरायचे. मला ते बघवायचं नाही. नजर गेली तेव्हा ते म्हातारे झाले नव्हते, आता माझ्या डोळ्यांदेखत होत होते.

गल्लीला काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये. काळजी उतू जात होती. समोरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी त्या खुंटावर मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि तिला लाल चिंधी बांधली. खुर्ची वाऱ्याने उडते म्हणून पंक्चरवाल्याने त्यावर टायर घातला. टायर दिसत नाही म्हणून कुणीतरी रंगाचा रिकामा ड्रम आणला. ड्रमात झाडाची फांदी खोचली गेली. आपल्याकडे हीच रीत, धोका काढायचा नाही, सजवायचा. महिन्याभरात अर्धी गल्ली अडली आणि त्या ड्रमाला धडकून एक स्कूटरवाली पडली.

मी वॉर्ड ऑफिसात गेले. रस्ते विभाग म्हणाला, कमान हे अतिक्रमण, तिकडे जा. अतिक्रमण विभागातल्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, खांब उभा असता तर आम्ही काढला असता. आता तो उभा कुठे आहे?" मी तीस वर्षं मुलांची उत्तरं तपासली आहेत, पण असं उत्तर पाहिलं नव्हतं. मी दुसरा अर्ज केला, मग तिसरा. तिसरा तर इतका सुरेख उतरला होता की मी तो अब्बांना मोठ्याने वाचून दाखवला.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान लिहिलंस. खुंट किती हलला?"

मी चिडले, आत जाऊन भांडी आपटली. पण आपटता आपटता डोक्यात लख्ख उजेड पडला. काकूंनी खुर्ची ठेवली, मी अर्ज ठेवला. तीन अर्ज म्हणजे तीन चिंध्या. हदीसमध्ये बाजूला काढा असं म्हटलं आहे, कळवा असं नाही. पन्नास वर्षं ऐकलेलं वाक्य मला त्या मोरीत उभी असताना पहिल्यांदा कळलं, आणि मी हात न पुसताच घराबाहेर पडले.

मागच्या गल्लीत एक ग्रिल-गेट बनवणारा आहे, बौद्धवाड्यातला, माझ्या शाळेत त्याची मुलगी होती. मी त्याला म्हटलं, रविवारी ग्राइंडर घेऊन ये. तो घाबरला. "बाई, सरकारी लोखंड निघालं तर केस होईल."

"केस माझ्या नावावर होऊ दे. निवृत्त बाई आहे, मला वेळच वेळ आहे."

रविवारी दुपारी तो आला. खुर्ची, टायर, ड्रम, फांदी, सगळं आम्ही आधी उचललं. काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली आणि मिक्सर बंद ठेवून खिडकीत पहारा केला. नुसतं कापून चालणार नव्हतं, पुन्हा कड राहिली असती. म्हणून त्याने छिन्नीने भोवतीचं काँक्रीट फोडलं आणि जमिनीच्या दोन इंच खाली डिस्क लावली. ठिणग्यांचा फवारा उडाला. पहिली डिस्क तुटली. "जपून रे!" म्हणून अख्खी गल्ली ओरडली, आणि मग प्रत्येकाने आपापला सल्ला दिला. पंक्चरवाला ट्यूब बुडवायच्या घमेल्यातलं पाणी ओतत होता. तेवढ्यात माझा भाऊ आला. कुणीतरी फोन केला होता.

"आपा, हे काय चालवलंयस? पोलीस आले तर?"

"आले तर त्यांना टायर धरायला सांगते," मी म्हटलं. "तू तो ड्रम तिकडे ने."

तो ड्रम घेऊन गेला. दुसरी डिस्क आरपार गेली, खुंट कलंडला आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू ठाण्याच्या टेंभी नाक्यावर दहीहंडीच फुटली. मी पण वाजवल्या, अगदी मनापासून. सिमेंट भरून झाल्यावर मी तो खुंट फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि अब्बांच्या हातात दिला.

त्यांनी तो फिरवून फिरवून चाचपला. कडेवरून अंगठा फिरवला. "तीन इंची पाइप. वरची बाजू गॅसने कापली आहे. कुठल्या गाढवाने कापली? खालची बाजू आजची, बरी आहे." मग विचारलं, "खड्डा?"

"भरला."

"आणि कीस?"

लोखंडाचा कीस! शाळेत विज्ञानाच्या तासाला कागदावर पसरतात तो. ग्राइंडरने त्याचा सडा पाडला होता, तारेएवढ्या कुसळांसकट, आणि त्या रस्त्यावरून काकू अनवाणी देवळात जातात. आम्ही सगळे टाळ्या वाजवत बसलो होतो.

"तुम्ही लोक," अब्बा म्हणाले आणि उठले. "माझी काठी दे."

भाऊ पुढे झाला. मी त्याच्या दंडाला धरलं, जोरात धरलं. अब्बा पायऱ्या उतरले. बेकरीपाशी डावीकडे वळले. गल्ली दोन्ही बाजूंनी उभी होती, पण कुणी हात पुढे केला नाही. रबराच्या वासापाशी ते थांबले, काठी खाली टेकवली आणि ओल्या सिमेंटच्या भोवती गोल गोल फिरवू लागले, आधी लहान गोल, मग मोठा. चुंबक वर आलं तेव्हा त्याला काळी लव आली होती, बोटभर जाड. ती निपटून काढायला कुणीतरी कागद धरायला हवा होता. मी साडी सावरली आणि भर रस्त्यात गुडघे टेकून बसले, वर्तमानपत्र धरलं. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी समोर उभ्या होत्या, एक मोबाइलवर माझा फोटो काढत होती. काढू दे म्हटलं. अब्बांनी चुंबक पुसलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा पुसलं. सहाव्या वेळेला कागदावर काही पडलं नाही.

तेवढ्यात असरची अजान झाली. अब्बांनी मान वर केली.

"अब्बा, मी सोडतो," भाऊ म्हणाला.

"कशाला? वाट साफ आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

ते निघाले. मी रस्त्यात बसल्या बसल्या त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मला रडू येत होतं, पण मी इतकी खूश होते की ते मी लपवलं नाही. भाऊ घरी न जाता ओट्यावर बसून राहिला, दर मिनिटाला घड्याळ बघत.

वीस मिनिटांनी काठीचा आवाज आला. अब्बा पायऱ्या चढले, दारात थांबले आणि काठीचं टोक भावाच्या नाकासमोर धरलं. चुंबकाला गंजलेला, वाकडा, नखाएवढा एक खिळा चिकटला होता.

"पंक्चरवाल्याच्या दारात मिळाला," ते म्हणाले. "त्याला सांग, मी परत आलोय."