हेन्रीची लेक, हेन्रीची बायको, हेन्रीची आई

इंग्लंडच्या जुन्या राजांबद्दल सखूबाईचं मत फारसं चांगलं नव्हतं. एक शिकारीत बाण लागून मेला, एक वैद्यानं नको म्हटलेले वामीसारखे मासे खाऊन मेला आणि एकानं तर मामाच्या पोरीची गादी लाटली. असल्या माणसांच्या हाताखाली मुलूख टिकला कसा, हे तिला कळत नसे.

सखूबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही सगळी माहिती सुनेकडून यायची. सुषमा तिची सून आणि सख्ख्या भावाची लेक. ती मुक्त विद्यापीठातून बी. ए. करत होती. परीक्षा दौंडला, अभ्यास घरी, आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय एक ओळ तिच्या डोक्यात राहायची नाही. म्हणून रोज सकाळी सासू भाकऱ्या थापायची आणि सून चुलीपुढं बसून मध्ययुगीन इंग्लंड वाचायची. शेजारच्या जाईबाईनं हे एकदा पाहिलं आणि सुनेनं सासूला काहीतरी खाऊ घातलंय असं वस्तीभर सांगितलं.

सखूबाईचा जीव जडला तो मटिल्डावर. मटिल्डा म्हणजे पहिल्या हेन्री राजाची लेक. राजाचा मुलगा जहाज बुडून गेला. खलाशी प्यायलेले होते. मग राजानं सगळ्या सरदारांना बोलावून शपथ घ्यायला लावली की आपल्यामागं मटिल्डाच गादीवर बसेल. पुढं पुन्हा एकदा बोलावून तीच शपथ घेतली. सरदारांनी काय उचललं, असं सखूबाईनं विचारलं. पुस्तकात नुसतं 'शपथ घेतली' एवढंच होतं. तिथंच घोळ झाला, असं तिनं सांगून टाकलं. देवापुढचा हळदीचा भंडारा न उचलता घेतलेल्या शपथेला काय अर्थ असतो?

आणि घोळ झालाच. राजा मासे खाऊन गेला आणि त्याच्या बहिणीचा मुलगा स्टीफन घाईघाईनं लंडनला जाऊन राजा झाला. शपथ घेणारे सरदार त्याला मुजरे करायला गेले. स्टीफनसाठी मटिल्डा मामाची पोरगी, तर दोघांचं लगीन लावून मोकळं का नाही झाले, हा सखूबाईचा साधा प्रश्न होता. त्यांच्या धर्मात तसं चालत नाही, असं सुषमानं सांगितलं. सखूबाईला त्या लोकांची कीव आली. तिनं स्वतः भावाची लेक सून करून आणली होती आणि घरात आजवर एकही लढाई झाली नव्हती.

हे गाव खुटबावच्या अंगाला आहे. नाव सांगितलं तर बापूसाहेबांना वाईट वाटेल. बापूसाहेब गावातले मोठे बागायतदार. कारखान्यापासून दूध डेअरीपर्यंत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. मागच्या निवडणुकीनंतर सदस्यांमधून सरपंच निवडायचा होता, पद बाईसाठी राखीव होतं आणि दोन्ही गटांचं बळ सारखं निघालं. एका बाजूला बापूसाहेबांच्या पत्नी पुतळाबाई, दुसऱ्या बाजूला धनगरवस्तीची सुषमा. शेवटी असं ठरलं की आधी अडीच वर्षं पुतळाबाई, मग त्यांनी राजीनामा द्यायचा आणि पुढची अडीच वर्षं सुषमा. ठरलेलं पक्कं करायला सगळे बिरोबाच्या देवळात जमले. देवळाची पूजा सखूबाईच्या घराकडं. भंडाऱ्याचं ताट तिनंच पुढं धरलं होतं. पुतळाबाईंनी भंडारा उचलला, सुषमानं उचलला, आणि बापूसाहेबांनी फोटो काढून घेतला.

सुषमानं अडीच वर्षं दम धरला. वस्तीवर नळ नव्हता, अंगणवाडीला छत नव्हतं. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे तिनं मनात लावून ठेवलं होतं. मुदत भरली तेव्हा श्रावण चालू होता, आणि श्रावणात कुणी राजीनामा देतं का, असं बापूसाहेब म्हणाले. मग गणपती आले. मग ऑडिट आलं. मग एका मंत्र्यांचा दौरा येणार होता, तो आला नाही, पण येईल म्हणून थांबणं भाग होतं.

शेवटी बापूसाहेबांनी सुषमाच्या नवऱ्याला, म्हणजे सखूबाईच्या संपतला, चहाला बोलावलं. संपत घरी आला तो खुशीतच. नवी तडजोड अशी होती की पुतळाबाईंनी मुदत पुरी करायची आणि पुढच्या खेपेला सोसायटीचं चेअरमनपद संपतला द्यायचं. आपल्याच घरात येतंय ना पद, मग बायकोला काय आणि नवऱ्याला काय, असं त्याचं म्हणणं होतं. रविवारी पुन्हा भंडारा उचलायचं ठरलं होतं. सुषमा उठून मेंढरांना पाणी दाखवायला गेली. मेंढरांचं नुकतंच पाणी पिऊन झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूबाईनं तिला पुस्तक काढायला लावलं आणि मटिल्डाची तडजोड पुन्हा वाच म्हणाली. सुषमानं वाचलं. बरीच वर्षं लढाई चालली. एकदा तर स्टीफन मटिल्डाच्या हाती सापडला होता, ती लंडनला जाऊन पोचली होती, पण कराच्या गोष्टीवरून ती लोकांवर तापली आणि लोकांनी घंटा वाजवून तिला भरल्या ताटावरून पळवून लावलं. शेवटी असं ठरलं की स्टीफननं मरेपर्यंत राजा राहायचं आणि त्याच्यामागं मटिल्डाच्या मुलानं राजा व्हायचं. त्या मुलाचंही नाव हेन्रीच.

"आन् तिला काय मिळालं?"

सुषमानं पान उलटलं. मटिल्डाच्या थडग्यावर लिहिलं होतं की ही जन्मानं थोर, लग्नानं त्याहून थोर आणि लेकरामुळं सगळ्यात थोर. इथं हेन्रीची लेक, हेन्रीची बायको, हेन्रीची आई झोपली आहे. तिच्या पहिल्या नवऱ्याचं नावही हेन्री होतं.

सखूबाई पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. "आन् नाव?"

"नाव न्हाई, आत्या. एवढंच हाय."

तव्यावरची भाकरी करपली. सखूबाईला राग आला होता. आठ-नऊशे वर्षांमागं मेलेल्या परक्या बाईपायी एवढा राग येणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं, पण तो आला आणि दिवसभर गेला नाही. तिला स्वतःला सखूबाई म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं. आधी ती म्हस्कूची बायको होती, म्हस्कू गेल्यावर संपतची आई झाली. यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. सुषमाच्या तोंडाकडं बघितल्यावर मात्र वाटलं.

रविवारी मंडळी देवळात जमली. पुतळाबाई इरकली नेसून बापूसाहेबांच्या मागं उभ्या होत्या. संपतनं नवा शर्ट घातला होता. बापूसाहेबांनी हात जोडून, संपतच्या आईनं ताट आणावं, असं सांगितलं. सखूबाई गाभाऱ्याच्या पायरीवरून उठली नाही. मटिल्डाचा घात तापट बोलण्यानं झाला हे तिच्या ध्यानात होतं, म्हणून ती अगदी सावकाश बोलली.

"ताट मिळायचं न्हाई. आधीचा भंडारा अजून फिटला न्हाई."

बापूसाहेब हसले. जुनं जुन्यापाशी, आता नवी बोलणी झालीत, असं त्यांनी समजावलं. सखूबाईनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"पुतळाबाई, भंडारा तुमी उचललाय. मालकांनी फोटू काढला. बिरोबाला नाव तुमचं ठावं हाय."

पुतळाबाईंनी भंडारा उचललेला उजवा तळहात पदराला पुसला. एवढंच झालं. भंडाऱ्याशिवाय बापूसाहेबांच्या गटाचा वस्तीवर आणि वस्तीचा त्यांच्या गटावर विश्वास बसेना, म्हणून मंडळी चहा पिऊन पांगली. संपत आईशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली की पुतळाबाई एकट्याच दौंडला जाऊन पंचायत समितीत राजीनामा देऊन आल्या. अडीच वर्षं ग्रामसेवक बोट ठेवेल तिथं त्यांनी सही केली होती; हा कागद मात्र त्यांनी म्हणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. संध्याकाळी चौकात बापूसाहेबांनी, मी दिलेल्या शब्दाला जागतो, असं सगळ्यांना सांगितलं. ते त्यांना पटलेलंही दिसत होतं.

सुषमा बिनविरोध निवडून आली. गुलाल पडला, हलगी वाजली. सखूबाई देवळामागं जाऊन एकटीच पोटभर रडली आणि डोळे पुसून पुन्हा गर्दीत आली.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. चांगला बैलगाडीएवढा. त्यावर बापूसाहेब होते, गॉगल लावलेला संपत होता, दोन पुढारी होते, आणि कोपऱ्यात ढगांमध्ये कैलासवासी म्हस्कूआबाही होते. सखूबाईनं सुषमाला वाचायला सांगितलं.

सुषमानं वाचलं, "आमचे मित्र संपतराव म्हस्कू कोळपे यांच्या सौभाग्यवतींची सरपंचपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

"आन् नाव?"

सुषमा पंचायतीकडं निघून गेली. तिला पहिल्या दिवशी उशीर करायचा नव्हता.

सखूबाई घरी आली, विळा घेऊन पुन्हा चौकात गेली आणि फ्लेक्सच्या चारी दोऱ्या कापल्या. कुणी अडवलं नाही. सरपंचांच्या सासूला अडवावं की नाही, हे अजून कुणाला ठरवता आलं नव्हतं. म्हस्कूआबांचा कोपरा तेवढा तिनं नीट कापून देवापाशी ठेवला. बाकीचा फ्लेक्स मेंढरांच्या वाड्याच्या कुडावर छपरासारखा उलटा घालून वर दगड ठेवले. कापड जाड होतं, त्यावर एक पावसाळा सहज निघणार होता.

दुपारी संपत धावत आला. फोन त्याच्या हातातच होता, पलीकडं बापूसाहेब खोळंबले होते.

"आई, फ्लेक्स कुणी काढला म्हनून इचारत्यात. वाऱ्यानं पडला म्हनू का?"

"वाऱ्यानं न्हाई," ती म्हणाली. "सखूबाईनं काढला म्हनून सांग."