कामगाराचा आवाज नाकातून काढायचा

नाटकातल्या कामगाराचा आवाज कसा असतो, हे मला ज्या सरांनी शिकवलं ते आयुष्यात कधी स्टील प्लांटच्या गेटच्या आत गेले नव्हते. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हा मी त्यांचं बोलणं वहीत लिहून घेत होतो.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणी काही शिकवायला लागलं की वही काढायची मला सवय होती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी एक विनोदी एकांकिका बसत होती. ती बसवणारे सर बँकेतून निवृत्त झालेले, स्मृती नगरात राहणारे. तालमी त्यांच्याच गच्चीवर व्हायच्या आणि मी जामुलहून सायकलने जायचो. माझं काम तीन पानांचं होतं: क्वार्टरचं छत गळतं म्हणून साहेबाच्या बंगल्यावर तक्रार घेऊन आलेला कामगार.

सरांना आवाजातलं कळत होतं, हे मी नाकारत नाही. श्वास पोटातून कसा घ्यायचा, वाक्याचा शेवटचा शब्द कसा गिळायचा नाही, कुजबुजसुद्धा मागच्या रांगेपर्यंत कशी पोचवायची, हे सगळं त्यांनीच दिलं. पात्र आधी गळ्यात सापडतं, मग अंगात, असं ते म्हणायचे. मला ते पटलंही होतं. मग ते म्हणाले, "साहेब छातीतून बोलेल. तू नाकातून बोल. आणि जरा ओरडून. अडाणी माणूस आहे, पहिल्या वाक्यात लोकांना कळलं पाहिजे."

मी नाकातून बोलून पाहिलं. आमच्या गल्लीतलं कुणीच तसं बोलत नव्हतं. म्हणून मी घरी बाबांना ऐकायला लागलो.

बाबा प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये क्रेनखाली काम करतात. मालाला साखळ्या बांधायच्या आणि वर केबिनमधल्या ऑपरेटरला वॉकीटॉकीवर कळवायचं. तिथल्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नसतो. ते आवाज खाली आणतात, शब्द कमी करतात आणि एकेक शब्द सुटा ठेवतात. शिवाय जे ऐकलं ते आधी परत म्हणतात. एकाने 'धीरे उठा' म्हटलं की दुसऱ्याने 'धीरे उठा' म्हणायचं, मगच लोखंड हलतं. चुकीचं ऐकलं असेल तर तिथेच कळतं. ही सवय त्यांच्याबरोबर घरी येते. आई म्हणते, "दळण आणून द्या जी." बाबा म्हणतात, "दळण." मग चप्पल घालतात. मी हे जन्मभर ऐकत आलो होतो, पण लक्ष गेलं ते त्या आठवड्यात.

पुढच्या तालमीला, साहेब झालेल्या मुलाने विचारलं, "काय काम आहे?"

मी खालच्या आवाजात म्हणालो, "काम." जरा थांबलो. "छत गळून राहिलं, साहेब."

सर खुर्चीतून उठलेच. "अरे वा, हे कुठून आणलंस? प्रत्येक वाक्याला कर. तीन-तीनदा कर, पोपटासारखं. साहेब वैतागेल, लोक लोळतील हसून."

"सर, ते... त्याला कारण असतं. क्रेनखाली ना..."

"कारण प्रेक्षकांना कुठे दिसतं? आणि तुमचं ते मले-तुले आहे ना, ते वाढव. गोड वाटतं."

"माझे बाबा येणार आहेत बघायला."

"येऊ दे की. नाटक एका कामगारावर आहे, तुझ्या बाबांवर थोडंच आहे?"

तिथे मी बोलायला हवं होतं. पण काम काढून घेतील, ही भीती होती. सर माझ्यामुळे खुर्चीतून उठले, हेही डोक्यात होतं. घरी जाताना सायकलवर मी सगळी उत्तरं दिली, मोठ्याने, एकट्याने. दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन पोपट झालो.

प्रयोग रविवारी दुपारी होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी आले आणि दुसऱ्या रांगेत बसले. त्यांना आता कमी ऐकू येतं, बोलणाऱ्याचे ओठ दिसावे लागतात. मी तीन पानं नाकातून ओरडलो. "गळते, गळते, गळते जी साहेब." हॉल हसत होता, आणि त्यातले निम्मे प्लांटचेच लोक होते. बाबा हसत नव्हते. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

बाहेर गाड्यांच्या स्टँडवर, स्कूटर सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, "तो माणूस क्रेनच्या कामावर होता काय?"

"हो."

"मले वाटलंच. ऐकून परत बोलत होता." किल्ली लावत म्हणाले, "मंग लोक काहून हासून राहिले होते?"

मी सीटवरची धूळ पुसू लागलो.

"परत नाही बोललं तं माणूस दबते ना खाली," बाबा मला समजावून सांगावं तसं म्हणाले. "तुझ्या सरले माहीत नसन. सांगून देजो."

सोमवारी मी सरांना फोन केला. शेजारच्या दुर्ग शहरात दुसरा प्रयोग ठरला होता. मी अडखळत सगळं सांगितलं: क्रेन, साखळी, परत म्हणायची पद्धत.

"छान माहिती आहे," सर म्हणाले. "पण बसलेलं नाटक आता हलवायचं नाही."

"मी एकदाच म्हणेन, सर. हळू. ओरडणार नाही."

"मग हशा येणार नाही."

"नको यायला."

"मग तू नको करूस. दुसरा मुलगा बघतो."

"बघा. पण ते परत म्हणणं त्याला देऊ नका. ते बाबांचं आहे."

सर हसले. "पेटंट घेतलंय का बाबांनी?"

त्यांनी ते त्या मुलाला दिलं. मी दुर्गला गेलो नाही. साहेब झालेल्या मुलाने कॅन्टीनमध्ये सांगितलं, की हशा आमच्या प्रयोगापेक्षा मोठा आला आणि नव्या मुलाने तर शेवटी चार-चारदा केलं. मी समोसा अर्धा टाकून उठलो.

मला सरांचा राग येतो. हॉलमधल्या त्या निम्म्या लोकांचा जास्त येतो, कारण त्यांना माहीत होतं. आणि मला माझा राग येतो. सरांनी तसं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. घरातून उचलून ते मीच त्यांच्या गच्चीवर नेऊन ठेवलं, न विचारता, शाबासकी मिळेल म्हणून.

त्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "सरले सांगतलं काय?" मी हो म्हणालो. सर काय म्हणाले, हे त्यांनी विचारलं नाही. सांगितलं की समोरचा माणूस ते परत म्हणतो आणि तसंच करतो, अशाच जागी त्यांची आजवरची सगळी नोकरी झाली आहे.