अळणी पेज

गोवर येऊन गेला की पोरं अंगाने उतरतात, जेवणावरून मन उडतं, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आमची मुलगी ताटावरून अर्धपोटी उठू लागली तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. ती तेव्हा सहा वर्षांची होती. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आम्ही शिरोड्याला बाजाराच्या टोकाला राहत होतो. पुढच्या पडवीत माझ्या नवऱ्याचं शिवणाचं मशीन होतं, मागे दोन खोल्या. घरात आम्ही दोघं, सासू आणि ही एकुलती मुलगी.

चैत्रात एके सकाळी तिला न्हाऊ घालताना नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके दिसले. मला वाटलं पिसवा चावल्या असतील. चोळून पाहिलं, ठिपके जाईनात. पाठीवर पाणी ओतलं तर तिथे हाताएवढा काळानिळा डाग. "पडलंस खंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाय." दुसरा डाग मांडीवर होता, तिसरा कोपराच्या वर.

विहिरीवर शेजारीण पाणी काढत होती. तिने पाठ पाहिली आणि कळशी खाली ठेवली. "चेडवाक इतक्या कित्याक मारलंस गो?"

"मी बोटसुद्धा लावूक नाय," मी म्हटलं. पण तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला पटलेलं नाही. दुपारपर्यंत आळीत गोष्ट झाली. माझ्या नवऱ्याने ती मशीनवर बसल्या जागी ऐकली आणि आत येऊन मुलीचे हात-पाय उलटेसुलटे करून पाहिले.

दोन-चार दिवसांनी शाळेत तिच्या नाकातून रक्त सुरू झालं. बाईंनी डोक्यावर गार पाणी थापलं, कांदा हुंगायला दिला, दुर्वांचा रस नाकात घातला. रक्त थांबेना. बाई तिला उचलून घरी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या पातळाचा पदर भिजला होता. वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी नाकात कापसाचा बोळा दाबून बसवला, तिच्या नडग्या पाहिल्या आणि म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही. बेळगावला घेऊन जा. वाटेत हिला आपटू देऊ नका."

आंबोलीच्या घाटाने एसटी वर चढत होती. प्रत्येक वळणावर मी तिला छातीशी धरत होते, आणि माझ्या बोटांचा दाबच तिच्या दंडावर उमटेल की काय या भीतीने पुन्हा सैल सोडत होते. एवढ्याशा पोरीला धरावं कसं हेच मला कळेना.

बेळगावच्या डॉक्टरांचं मराठी कानडी हेलाचं होतं. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली, आणि टोचल्या जागी पुष्कळ वेळ बोळा धरून स्वतः बसून राहिले. रक्त तपासून आल्यावर त्यांनी आम्हाला समजावलं. रक्तात बारीक कण असतात, जखम झाली की ते तिथे जाऊन भोक बुजवतात. हिच्या रक्तात ते कण फार थोडे उरलेत. अंगच आपले कण आपण मारतंय. गोवरासारखा ताप येऊन गेल्यावर काही मुलांना असं होतं.

"मारून नाही, उष्णतेने नाही, तुमच्या कुठल्या चुकीने नाही," ते म्हणाले. शेजारणीचं बोलणं त्यांना कसं कळलं देव जाणे. मला तिथेच रडू आलं.

मग त्यांनी पांढऱ्या बारीक गोळ्या लिहून दिल्या. रोज द्यायच्या, पोटात काहीतरी असताना द्यायच्या. एकही चुकवायची नाही. आणि मुख्य म्हणजे आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. अंगाला त्यांची सवय लागते, म्हणून उतरवायच्या त्या हळूहळू, सांगू तशा. धावणं, उड्या, झाडावर चढणं बंद. दात घासायला राखुंडी नको. आणि मीठ नको.

"कमी?" मी विचारलं.

"जवळजवळ नाहीच. गोळ्यांनी अंगात पाणी साठतं."

माझ्या नवऱ्याने उठता उठता विचारलं, "डॉक्टरसाहेब, गोळीने बरी होईल ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बहुतेक मुलं बरी होतात. गोळीने होतात की आपली आपणच होतात, ते मला सांगता येत नाही. पण कण वाढेपर्यंत आत कुठे रक्त फुटू नये, म्हणून गोळी द्यायची."

गोळी फार कडू होती. मी स्वतः जिभेला लावून पाहिली. पहिल्या दिवशी तिने ती थुंकून टाकली. मग मी केळ्यात दडवली, तर ती केळंच खाईना. गुळाच्या खड्यात घातली, तिने गूळ चोखला आणि गोळी गालात ठेवून बाहेर जाऊन टाकून आली. ती मला नंतर तुळशीच्या मुळाशी सापडली. त्या दिवशी मी तिला पाटावर बसवून सांगितलं, "बाय, ह्या औषध आसा. घेतलंस नाय तर नाकातून परत रगत येतला."

"घेतलंय तर येवचा नाय?"

खोटं बोलवेना आणि खरं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. सासू बाजूला तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "येवचा नाय. घे." मुलीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं, गोळी घेतली आणि वर दूध प्यायली. त्यानंतर ती रोज आजीच्याच हातून गोळी घ्यायची.

काही दिवसांनी तिला भूक लागायला लागली. आधी आम्हाला आनंद झाला. मग भीती वाटायला लागली, कारण ती भूक तिची नव्हती. पेज पिऊन झाली की भात मागायची, भात संपला की भाकरी. मशीनवर बसलेल्या बापाला विचारायची, "बाबा, जेवाण कधी?" आणि आम्ही तिला वाढणार ते सगळं अळणी. शिरोड्यात मिठागरं आहेत, मिठाचे ढीग रस्त्यावरून दिसतात. घरोघरी पेजेबरोबर खारा बांगडा, सुकी सुंगटं म्हणजे वाळवलेली कोळंबी, लोणच्याची फोड. दुपारी आळीत कुणी चुलीवर खारा बांगडा भाजला की त्याचा वास आमच्या पडवीत यायचा आणि ती जिथे असेल तिथे उठून उभी राहायची.

"आये, माका बांगडो व्हयो."

"डॉक्टरान नको सांगल्यान ना?"

"इल्लोसो. शेपटेकडचो."

मी नाही म्हटलं की ती ओरडायची, ताट लोटून द्यायची. एकदा माझ्या मनगटाला चावली. ही पोर पूर्वी इतकी सोशिक होती की आम्हीच तिला मुकं म्हणायचो. चावून झाल्यावर ती माझ्या हाताकडे बघत बसली आणि हमसून रडू लागली. "माका म्हायत नाय कित्याक," एवढंच म्हणत राहिली. मलाही ठाऊक नव्हतं. त्या गोळीने स्वभावही फिरतो हे पुढच्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

त्याच सुमाराला एका दुपारी मी सासूला वाढत होते. खाऱ्या बांगड्याशिवाय त्या बाईचा घास उतरत नसे. तिने हात आडवा धरला. "माका पण अळणीच वाढ. चेडू खाता तांच."

"तुमका कित्याक? तुमका काय झालां नाय."

"वाढ म्हणतंय ना."

ती नातीसमोर बसून अळणी पेज प्यायली. मुलीने तिच्या वाटीत बोट बुडवून चाखून पाहिलं, खरंच अळणी आहे का म्हणून. मग दोघी गुपचूप जेवल्या. त्या दिवसापासून माझ्या नवऱ्यानेही आपलं मीठ वेगळं मागणं सोडलं आणि घरची चूलच अळणी झाली. मुलीचं रडणं त्याने थांबलं असं नाही. पण ताट लोटणं थांबलं.

तिचा चेहरा गोल होत गेला. गाल फुगले, हनुवटी गळ्यात गेली, पोट पुढे आलं. हात-पाय मात्र काटक्यांसारखेच. झग्यांच्या शिवणी माझ्या नवऱ्याने एकदा उसवून सैल केल्या, मग पुन्हा केल्या. आत कापड उरलं नाही तेव्हा बगलेत वेगळ्या रंगाची पट्टी जोडली. तो हे काम गिऱ्हाइकांसमोर करत नसे.

आणि लोक कौतुक करायचे. मारल्याचा बोल लावलेली तीच शेजारीण म्हणाली, "चेडू बरां भरलां हां! बेळगावचा औषध मानवला." मी हसून मान हलवली. काय सांगणार होते?

मे महिन्यात माझा दीर मुंबईहून आला. ही पडवीच्या पायरीवर बसली होती. काकाची ती वर्षभर वाट बघायची, तो आला की त्याच्या खांद्यावर चढायची. त्याने ट्रंक खाली ठेवली, तिच्याकडे पाहिलं आणि आत येता येता मला विचारलं, "ह्यां कोणाचां चेडू?"

तिने ऐकलं. उठून ती मागच्या खोलीत गेली आणि वळकटीमागे बसली. काका तिच्यासमोर उकिडवा बसून, कान धरून विनवत राहिला. तो राहिला तितके दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

पावसाच्या तोंडावर बेळगावला रक्त पाहिलं तर कण पुष्कळ वाढले होते. डॉक्टरांनी गोळी उतरवायला सांगितलं. आधी अर्धी, मग पाव. मी ब्लेडने पाटावर कापायची. गोळी पावावर आली आणि नडग्यांवर ठिपके परत दिसले. पुन्हा पूर्ण गोळी. पुन्हा ती भूक.

आषाढात आंबोलीच्या घाटात दरड आली आणि वरची एसटी बंद पडली. मुंबईच्या बोटी तर पावसाळ्यात बंदच असतात. वेंगुर्ल्याच्या दुकानात गोळ्या संपल्या. डबीत थोड्याच उरल्या होत्या आणि एकदम बंद करायची नाही हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नवरा भर पावसात सावंतवाडीला गेला. संध्याकाळी परत आला तो पडवीतच उभा राहिला, अंगावरून पाणी गळत होतं.

"गावल्यो?"

"एका डॉक्टराकडे त्याच्या कपाटात होत्यो, तितक्यो दिल्यान. फुडचा दरड काढल्यार." त्याने छातीशी बांधलेली पुडी सोडून माझ्या हातात दिली. कागद कोरडा होता.

त्या पुडीवर आम्ही घाट मोकळा होईपर्यंत काढलं, अर्ध्या-अर्ध्या देऊन. रोज सकाळी मी तिच्या अंगावरचे डाग पाहायची आणि जास्त दिसले तरी हातात काही नव्हतं.

श्रावणात सासूने देवळात कौल लावला. देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ती सकाळपासून हात जोडून उभी होती. एकही कळी पडली नाही. गुरवाने पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा लावल्या. घरी येऊन ती दाराशीच बसली. "देवान काय सांगूक नाय," म्हणाली. देवावर चिडलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

गणपतीनंतर डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर पांथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागेल, कण तिथेच मरतात. पोट कापायचं, आणि तेही रक्त न थांबणाऱ्या पोरीचं. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून दरी बघत राहिले.

मग काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही वेगळं काहीच केलं नाही. तीच गोळी, तीच पेज. दिवाळीच्या आधी गोळी पुन्हा उतरवली आणि ठिपके आले नाहीत. पावावर आणली, आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "बंद करून बघू." बंद केली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. तिचे गाल उतरले, भूक उतरली. ताटात मीठ वाढलं तेव्हा तिला ते तिखटासारखं झोंबलं. तिने नको म्हणून बाजूला सारलं.

पुढे काही वर्षांनी, ती मोठ्या शाळेत जात असताना, वालावलहून एक बाई पत्ता विचारत आमच्या दारात आली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा, त्याच्या पायांवर तेच ठिपके. तिच्या हातात बेळगावच्याच डॉक्टरांनी दिलेल्या त्याच गोळ्या होत्या.

"तुमच्या चेडवाक बरां वाटला म्हणान आयकलंय. तुम्ही काय केलास?"

मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. गोळी चुकवू नको, एकदम बंद करू नको, मीठ नको, पडू देऊ नको.

"आणि मगे बरो होतलो मां?"

माझी सासू तोपर्यंत गेली होती. ती असती तर तिने पटकन हो म्हटलं असतं. मी त्या बाईला पाणी दिलं आणि मुलाच्या पायावरून हात फिरवला. हो म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी वालावलच्या एका माणसाकडून निरोप आला की पोर केव्हाच बरा झाला. महिनाभरात गोळ्या थांबल्या, चेहरा फुगायलाही वेळ मिळाला नाही. ऐकून मला बरं वाटलं, मनापासून वाटलं. निरोप आणणाऱ्याला मी चहा दिला, नारळ दिला. तो गेल्यावर मात्र मी चुलीपुढे बसले आणि मला इतकं रडू आलं की नवरा मशीन थांबवून आत आला. "काय झालां?" त्याने विचारलं. तोच आजार, तीच गोळी, तोच डॉक्टर. त्या मुलाला महिना आणि आमच्या पोरीला चैत्रापासून दिवाळी. कशामुळे, हे कुणाला विचारायचं होतं? मी नवऱ्याला म्हटलं, "काय नाय. तो झील बरो झालो." तो थोडा वेळ माझ्याजवळ बसला आणि मग पुन्हा मशीनवर गेला.