सही करणारी बाई

लखनौच्या मे महिन्यात अंगात स्वेटर घालून बसलेली बाई बघायची असेल तर सरोजिनी नगरात आमच्या लॅबमध्ये यावं. बाहेर डांबर वितळतंय, कानपूर रोडवरचे ऑटोवाले तोंडाला ओले गमछे बांधून फिरताहेत, आणि मी आतल्या गार एसीच्या खोलीत नाक ओढत बसलेली. खोलीला खिडकी नाही. दारं दोन, एकामागे एक. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर आतली हवा बिघडते. हवा बिघडली की आकडे बिघडतात, आणि आकडे बिघडले की माझं डोकं.

आमचं काम समजावून सांगायला लागले की नातेवाईक जांभया देतात, म्हणून थोडक्यात सांगते. कारखान्यांत मोजायची यंत्रं असतात. ती बरोबर मोजतात का, हे कुणीतरी तपासायला हवं. ते आम्ही तपासतो. माझ्याकडे दोन खाती, विजेची मोजमापं आणि धातूचा कडकपणा. कडकपणाच्या यंत्रात हिऱ्याचं टोक धातूवर दाबतात, आणि खड्डा किती खोल गेला त्यावरून आकडा येतो. यंत्र खरं बोलतंय का हे बघायला पोलादाचे ठोकळे मिळतात, त्यांचा कडकपणा आधीच ठरवून दिलेला. आम्ही त्यांना ब्लॉक म्हणतो. ब्लॉकवर अंतर ठेवून खड्डे पाडत जायचं. वरची बाजू भरली की ब्लॉक संपला. उलटा करून वापरायचा नाही, कारण खाली खड्डे असले की तो नीट टेकत नाही आणि आकडा खोटा येतो. हा आमच्याकडचा पहिल्या दिवसाचा धडा. भरलेले ब्लॉक मालकांच्या टेबलावर कागद दाबायला जातात.

तपासणीच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार मात्र सोम्यागोम्याला मिळत नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेचा असेसर येतो, समोर बसून काम करून घेतो, उलटसुलट प्रश्न विचारतो, मग कुठे त्या माणसाचं नाव मंजूर होतं. आमच्याकडे या दोन्ही खात्यांची सही करणारी मी एकटी. मी गेले की दोन्ही खाती बंद, आणि त्यांवर ज्यांचं पोट आहे ती माणसं घरी.

नवरा हवाई दलात होता, म्हणून आम्ही इथे आलो. तो निवृत्त झाला आणि पुण्याला, चिंचवडच्या आमच्या घरी गेला. मीही सामान बांधायला घेतलं, तर मालक वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत हजर, हातात मिठाईचा डबा. लखनौचा माणूस तुम्हाला अडवतो तेव्हा आवाज चढवत नाही. आणखी मऊ होतो. "मैडम, बस एक दूसरा सिग्नेटरी तैयार कर दीजिए. फिर हम ख़ुद आपको स्टेशन छोड़ने आएँगे." मी म्हटलं, ठीक आहे, तयार करते आणि जाते. शब्द दिला. कपाळ माझं!

पोरं शिकतात आणि उडतात. एक मानेसरला गेला, एक दुबईला. एकाने तर असेसर यायच्याच आठवड्यात राजीनामा दिला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. दर वेळी मालक म्हणायचे, "कोई बात नहीं, आप तो हैं." हे वाक्य ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. नवरा फोनवर विचारायचा, "कधी येतेस?" मी म्हणायची, "माणूस तयार झाला की." पुढेपुढे त्याने विचारणंच सोडलं, आणि मी आपली न विचारता सांगत राहिले. ते जास्त लागायचं.

कोंडल्यासारखं व्हायचं हो, खोटं कशाला बोलू? बाहेर ट्रक गेला की थांबा, विमान उतरलं की थांबा. जमीन शांत होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. बाहेरून आलेली वस्तू आधी रात्रभर आत ठेवायची, तिला खोलीची सवय झाली की मगच मोजायची. माझी सवय तर विचारूच नका. सुट्टीत चिंचवडला गेले की आमच्या साध्या लाकडी दारातही मी क्षणभर थबकायची, मागचं दार लागलं का बघायला. मागे कुठलं डोंबलाचं दार! नवरा हसायचा. मला हसू यायचं नाही.

मग ती मुलगी आली. विकास नगरहून दोन ऑटो बदलून यायची आणि वेळेच्या आधी यायची. हात स्थिर, डोळा तीक्ष्ण आणि तोंड माझ्यासारखंच फटकळ. पहिल्याच महिन्यात माझ्या हिशोबातली एक चूक तिने काढली आणि वर म्हणाली, "मैडम, आप थक गई हैं, मैं कर देती हूँ." मला राग आला नाही. मनात म्हटलं, बाई गं, तुझीच वाट बघत होते. मग मी तिच्या मागे हात धुऊन लागले. कडकपणा शिकवला, वीज शिकवली, जेवणाचा डबा खातानासुद्धा प्रश्न विचारले. तिच्याकडे बघितलं की मला माझं तिकीट दिसायचं. मालकांनी तिचं नाव असेसरकडे पाठवलं तेव्हा ती नुसती "जी सर" म्हणाली. सगळेच त्यांना "जी सर" म्हणतात.

मी घर आवरायला घेतलं. फ्रिज खालच्या मजल्यावरच्या बाईंना द्यायचा ठरला, लोणच्याच्या बरण्या वाटून झाल्या. तिकडे नवऱ्याला हुरूप आला. त्याने स्वयंपाकघर रंगवायला काढलं. "पिवळा चालेल की पांढराच हवा?" एवढ्यासाठी तो दिवसातून तीनदा फोन करायचा. मी म्हटलं, तेलाचे डाग दिसणार नाहीत असा कुठलाही लाव. पण खरं सांगते, फोन ठेवला की मी पिवळ्या भिंतीपुढे उभी राहून पोळ्या लाटत असायची.

असेसर दिल्लीहून आले. कोरड्या चेहऱ्याचे गृहस्थ, चहासुद्धा अर्धाच प्यायले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. मला बोलायची परवानगी नव्हती. विजेचे प्रश्न तिने असे सोडवले की त्यांनी एकदा मान हलवली. मग कडकपणा. तिने यंत्र पुसलं, टोक तपासलं, सगळं अगदी मी शिकवलं तसं. नवा ब्लॉक तिच्या हाताशी डबीत होता. तिने तो घेतलाच नाही. शेजारचा भरलेला जुना ब्लॉक उचलला, उलटा केला, यंत्राखाली ठेवला आणि त्याच्या पालथ्या बाजूवर हिरा उतरवला.

माझ्या तोंडून "अगं" निघून गेलं. असेसरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग तिच्याकडे. "यह क्या किया आपने?"

"सर, ऊपर जगह नहीं बची थी, तो पलट दिया."

काल कामाला लागलेलं पोरही हे करणार नाही. असेसरांनी पेनाला टोपण लावलं. ज्याला एवढंही कळत नाही त्याची शिफारस करता येत नाही, असं म्हणाले आणि उठले. ती शांतपणे यंत्र पुसत होती. हात जराही थरथरत नव्हता. तिथेच मला कळलं.

असेसर गेल्यावर मी तिला दोन दारांच्या मधे गाठलं. पुढचं दार बंद, मागचं बंद, मधे आम्ही दोघी. "जानबूझकर किया ना?"

"जी."

"का पण? का केलंस असं?" रागात मला हिंदी सुचत नाही. पण तिला कळलं.

"मैं पास हो जाती तो आप चली जातीं, और यहाँ मैं बैठती. मना करती तो सर मेरे पापा से बात करते, और पापा हाँ कर देते." मग मान खाली घालून म्हणाली, "आपको रोज़ देखती हूँ, मैडम. मुझे आप नहीं बनना."

थोबाडीत द्यावीशी वाटली. अंगाची नुसती लाही लाही होत होती. माझी इतकी मेहनत, माझं घर, माझा नवरा तिकडे एकटा शिडीवर चढून भिंती रंगवतोय, आणि ही पोरगी! आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगते, मला तिचा हेवा वाटला. एक ठोकळा उलटा केला आणि सुटली. मला इतक्या वर्षांत हे का नाही सुचलं?

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. "लड़की तो होशियार थी. कहीं जान-बूझकर तो नहीं किया?" खरं सांगितलं असतं तर तिला त्याच दिवशी काढलं असतं, आणि विकास नगरात तिच्या घरी निरोपही गेला असता. मी म्हटलं, "नहीं सर, घबरा गई थी." त्यांचा चेहरा खुलला. "अच्छा! चलिए, अगली बार सही. तब तक आप तो हैं." मी मान हलवली. ही मान मीच हलवली, कुणी धरून हलवली नाही.

घरी येऊन नवऱ्याला फोन केला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पिवळाच लावला बघ. मस्त दिसतोय, आलीस की बघशील." मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं." चिडला असता, दोन शब्द बोलला असता तर मी भांडले तरी असते.

पुढे काही महिन्यांनी ती मुलगी खोलीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिला नोकरी लागली होती. पुण्याला. भोसरीत, म्हणजे माझ्या घरापासून बसनं जाता येईल इतक्या जवळ. घरच्यांनी परवानगी दिली होती, कारण तिथे तिची मावशी राहते. मी "छान झालं" म्हटलं. छान झालंच होतं.

"मैडम, वहाँ ऑटो वाले मराठी में बात करते हैं?"

"करतात की."

"तो मुझे थोड़ा-सा सिखा दीजिए. सबसे पहले, 'मुझे घर जाना है' कैसे बोलेंगे?"

"मला घरी जायचंय."

तिने म्हणून पाहिलं. त्यातला 'च' काही केल्या तिच्या जिभेवर बसेना. "फिर से बोलिए."

"मला घरी जायचंय."

"एक बार और, मैडम. ज़रा धीरे."

मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. तिने पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी तिला अगदी नीट जमलं. तरी मी परत म्हटलं. मग आणखी एकदा, आणि मला थांबताच येईना.