भुऱ्याची मराठी शिकवणी

छत्तीसगढात, चौबे कॉलोनीत राहणाऱ्या नीलकंठराव दाणींना एकच दुःख होतं, घरातली मराठी संपत चालली होती. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यापासून ते मुलाला, शिशिरला, रोज त्यावरून बोलत. बोलताना त्यांच्याच वाक्यात निम्मी हिंदी असे, हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नसे. बारा वर्षांच्या नातीला, श्रावणीला, मराठी सगळी कळायची. उत्तर हिंदीत यायचं.

अशात शिशिरनं उरल्याहून एक भुरा कुत्रा आणला. तिथल्या कारखान्याच्या गेटवर एका चौकीदारानं तो वाढवला होता. तो चौकीदार गावी गेला आणि त्याच्या जागी आलेल्यानं काठी चालवली. मागच्या पायावर व्रण होता.

"याचं नाव भुऱ्या," नीलकंठरावांनी जाहीर केलं. "अन् याले ट्रेनिंग मी देईन, मराठीत. इस घर में निदान एक जण तरी मराठी ऐकेल!"

"इसको तो बख्श दो, आजोबा," श्रावणी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला अंगणात वर्ग भरू लागला. नीलकंठराव पेपरची गुंडाळी हातात घेऊन उभे राहत. "भुऱ्या, बस!" की भुऱ्या स्कूटरखाली. "बाहेर ये!" की आणखी आत. शेजारचे यशवंतराव फाटकावरून चौकशी करत, "काय म्हणतो विद्यार्थी?"

"ग्रहणशक्ती कमी आहे," नीलकंठराव सांगत.

असे आठ दिवस गेले. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. इंदूताई नातीला भात वाढत होत्या. "बस आजी, बस," श्रावणी म्हणाली, आणि दाराशी उभा असलेला भुऱ्या टपकन खाली बसला.

"पाहा!" नीलकंठराव ताटावरून उठलेच. "समजते त्याले मराठी!"

"ती हिंदी होती," इंदूताई म्हणाल्या. "अन् तो काहून बसला ते पाहा न. तिच्या हातात तुमचा पेपर नव्हता."

मग श्रावणीनं कबूल केलं. आजोबा दुपारी झोपले की ती टोस्टचे तुकडे घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि हळूच 'बस' म्हणायची. "आप हाथ उठाते हो न, तो उसको लगता है मार पड़ेगी."

हे नीलकंठरावांना फार लागलं. त्यांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. ऑफिसात ते नुसते ओरडायचे, माणसं भराभर कामाला लागायची, आणि ते त्याला आदर समजत आले होते.

सोमवारी पेपर घरातच राहिला. नीलकंठराव तळहातावर टोस्टचा तुकडा ठेवून, कुरकुरत्या गुडघ्यांवर अंगणात फरशीवर बसले. नातीची अट कडक होती. कुत्र्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. गुडघ्यांचं त्यांनी सोसलं, पण अर्धा तास गप्प राहणं फार जड गेलं. चौथ्या दिवशी तळहाताला ओलं नाक लागलं, टोस्ट गेला. त्यांनी मान वळवली नाही. डोळे मात्र भरून आले.

मग शिकवणी भराभर झाली. बस, थांब, ये. शब्द आजोबांच्या हट्टाचे, म्हणून श्रावणीही तेच वापरायची. आजोबांशी हिंदी आणि कुत्र्याशी मराठी असा त्या घराचा नवा रिवाज पडला.

महिन्याभरानं संध्याकाळी नीलकंठराव भुऱ्याला फिरवत असताना एका ट्रकचं टायर फुटलं. त्या धडाक्यानं भुऱ्या उसळला, पट्टा हातातून सुटला, आणि तो रस्त्याच्या पार मधोमध जाऊन थिजला. दोन्हीकडून गाड्या येत होत्या. नीलकंठरावांनी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याचे मागे पडलेले कान पाहून मिटलं. ते कडेला धुळीत खाली बसले, तळहात पुढे केला. लहानपणी पुरानी बस्तीत ज्या छत्तीसगढीत ते पोरांशी खेळले होते, तीच त्या घाबऱ्या क्षणी हळूच बाहेर आली.

"आ बेटा, एती आ... एती आ."

एक ऑटोवाला करकचून थांबला. भुऱ्या त्याच्यासमोरून सरळ आला आणि त्यांच्या मांडीत शिरला.

मागे भाजीची पिशवी घेऊन यशवंतराव उभे होते. "दाणी," ते म्हणाले, "ही कोणती मराठी?"

"जुनी आहे," भुऱ्याच्या पाठीवर हात फिरवत नीलकंठराव म्हणाले. "तुमाले नाही समजणार. आता उभं करा मले, गुडघे धरले."