धड राहिलेलं जाळं

सिरदेवीचाचीच्या मनात पाल चुकचुकली नाही असा दिवस आमच्या चंबळ नदीने पाहिला नसेल. दूध आलं की यात पाणी किती, कुणी गोड बोललं की याचं काय अडलंय. मी शेजारीण, तरी माझ्या हातचं पाणीही ती आधी हुंगायची. राग यायचा मला. एका नवऱ्यावर, भगोलेचाचावर, तेवढा तिने कधी संशय घेतला नाही.

होळीनंतर आमच्या घाटाचा म्हातारा घडियाल, लांब तोंडाची सुसर, वाळूवर मेलेला सापडला. नाकावर मडक्यासारखा गोळा असलेला, या डोहातला एकुलता एक नर. लांब जबडा अर्ध्यावर तोडलेला होता. म्हणजे काय झालं, ते आम्हा मल्लाहांना, नावा नि जाळ्यांवर जगणाऱ्यांना, सांगावं लागत नाही. जाळ्यात जबडा अडकला की जाळं तरी कापायचं, नाहीतर जबडा. गंगामाईचं वाहन म्हणून आम्ही जाळं कापतो. निदान म्हणतो तरी तसं.

चाचीचा संशय थेट पल्याड गेला. तिथल्या पंचमशी तिच्या लेकीचं, गुड्डोचं, लग्न ठरलं होतं आणि त्याने नुकतंच नवं जाळं घेतलं होतं; नवं जाळं कोण कापतंय! ते धड निघालं तर सोयरीक मोडली, असं तिने भर घाटावर सांगून टाकलं. गुड्डोने जेवण सोडलं.

सोयरिकीचे बताशे द्यायचं निमित्त करून चाची मला घेऊन पल्याड गेली. मासेमारीला बंदी, त्यामुळे जाळी सगळ्यांचीच लपवलेली. पंचमने कडब्याखालून आपलं जाळं ओढून काढलं. मधोमध भलंमोठं भगदाड होतं.

"अम्मा, माझ्या बापूंना सांगू नका," तो खाली बघत म्हणाला. "नवंकोरं होतं. पण मादी अडकली होती, आणि माझ्याकडेच बघत होती."

चाचीने त्याच्या तोंडात बताशा कोंबला. परतताना नावेत ती चक्क गुणगुणत होती.

घरी चाचा ओसरीवर झोपला होता. जावयाचं जाळं आपणच विणून देऊ म्हणत तिने नमुन्यासाठी चाचाचं जाळं आढ्यावरून खाली काढलं. ते कुठेच फाटलं नव्हतं. एका गाठीत मात्र सुईसारखा बारीक दात अडकला होता.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं.  तिने विळा आणला, जाळं अंगणात पसरलं आणि जबडा निघेल एवढं भोक पाडलं.

आवाजाने चाचा जागा झाला. "अगं, काय करतेस?"

"एवढंच कापायचं होतं," चाची म्हणाली.