देवीचा पडलेला हात

दुपारचे साडेतीन. डोळे मिटतायत आणि शर्वाणी त्यांना मिटू देत नाहीये. पाच वाजता माणूस चित्र न्यायला येणार. मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन, उजाड नगरातली देवीची भिंत ओलीने पोखरली आहे. उद्यापासून ती कायमची झाकली जाणार. यापुढे जग देवीला बघणार ते शर्वाणीच्या नकलेतून. आणि नकलेत तिने लबाडी केली आहे. देवीचा एक हात गिलाव्यासकट कधीच गळून पडलाय. शर्वाणीने तो पेन्सिलीने बेमालूम जोडलाय, दुसऱ्या हातासारखेच पाण्याचे थेंब सांडणारा. थोटी देवी पाठवायची तिला लाज वाटली, एवढंच. ती टेबलावर डोकं टेकते, पाचच मिनिटं.

"चहा मिळेल का गं?"

समोरच्या खुर्चीत राजहंस सर बसलेत. अजिंठ्याच्या भिंती कागदावर उतरवण्यात तीस वर्षं घालवलेले, तिला पेन्सिल धरायला शिकवणारे सर. त्यांना जाऊन चार वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती चहाला उठते. स्वयंपाकघराच्या दारापलीकडे लेणं आहे. लेण्याची भिंत लालभडक, आणि भिंतीवर देवी. डोक्यावर हिरव्या पाखराचा मुकुट, नाकाखाली सुळे.

"हात छान जमलाय," सर म्हणतात. "तू पाहिलास?"

"नाही सर. पण दुसऱ्या हातातून पाणी पडतंय, म्हणून..."

"वा! महिषासुरमर्दिनीच्या एका हातात शंख दिसला, की उरलेल्या हातांतही शंखच देशील का?"

शर्वाणीला आठवतं: याच नगरातल्या दुसऱ्या भिंतींवर तिने हातांत धरलेली, सुरीवर खोवलेली काळजंही पाहिली आहेत.

"पडलं तिथे कोरं सोडायचं. एवढंच शिकवायला दोन वर्षं घालवली ना मी?"

"अर्धी देवी दिली तर लोक मला नालायक ठरवतील, सर."

"आणि खोटी दिलीस तर? पुढची शंभर वर्षं शहाणी माणसं तुझ्या थेंबांवर पुस्तकं लिहीत बसतील."

भिंतीतून देवी हात पुढे करते. मूठ मिटलेली आहे. एकेक बोट उघडू लागतं. शर्वाणीला बघायचंय, जिवाच्या आकांताने बघायचंय. सर तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवतात. तळवा गार आहे.

"नाही दिसलं ना? मग तसंच सांग."

दार वाजतंय. पाच वाजलेत. शर्वाणी धडपडत उठते, चित्राकडे बघते आणि जागीच थिजते. तिने जोडलेला हात कागदावर नाही. जागा स्वच्छ खोडलेली आहे. झोपेत मीच खोडला असेन, ती स्वतःला बजावते. मग तिला पडलेल्या गिलाव्याची कड दिसते, बारीक तिरप्या रेघांनी नव्याने काढलेली. सगळ्या रेघा वरून खाली उजवीकडे उतरतायत. शर्वाणीच्या हातून आजवर एकही रेघ अशी उतरलेली नाही. ती उजव्या हाताने काढते, तिच्या रेघा खाली डावीकडे उतरतात. राजहंस सर डावखुरे होते.

दार पुन्हा वाजतं. शर्वाणीला रडू फुटतं. ती चित्र तसंच गुंडाळते आणि दार उघडते.